आरमाराचं आउटसोर्सिंग, सन १७५५

मंडळी, मी बीडचा. आमच्याकडे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोदावरी, आणि तीही उन्हाळ्यात विचारू नका. तेव्हा बीडच्या माणसाने आरमारावर लिहावं म्हणजे जरा अतीच, असं वाटू शकतं. पण या गोष्टीचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगीज आले तेव्हापासून आपल्या समुद्रावर एक साधा नियम होता: ज्याची जहाजं जास्त ताकदीची, त्याचा परवाना चालणार. पोर्तुगीज 'कार्ताझ' विकायचे. तो नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्र्यांनी हेच उलटं फिरवलं. कोकण किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या! इंग्रजांच्या मते ही चाचेगिरी. पोर्तुगीजांनी केली तर कायदा आणि आंग्र्यांनी केली तर चाचेगिरी, हा हिशोब मला अजून कळलेला नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्या वेळी आंग्र्यांच्या मदतीला कोण धावलं होतं? खुद्द पहिले बाजीराव, फौज घेऊन.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं. भाऊबंदकी. मानाजीकडे कुलाबा, तर दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आधी संभाजी आंग्रे आणि मग तुळाजीकडे. तुळाजी समुद्रावर जबरदस्त होता, इंग्रज आणि डच दोघेही त्याला वचकून असत. पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता आणि आसपासच्या मराठा सरदारांनाही त्रास देत होता. म्हणजे नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती.

प्रश्न तक्रारीचा नाहीच, उपायाचा आहे. पेशव्यांकडे घोडदळ भरपूर, पण तुळाजीला समुद्रावर गाठेल असं आरमार नाही. मग आपण आयटीवाले जे करतो तेच त्यांनी केलं. काम बाहेर दिलं :) मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव, इंग्रजांच्या वतीने गव्हर्नर बूर्शिये. करारात एक कलम होतं: आरमाराची सूत्रं इंग्रजांकडे राहतील. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिन पासवर्ड व्हेंडरकडे!

एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांना मिळाला. पहिली डिलिव्हरी वेळेवर. विश्वास बसला.

दुसरी डिलिव्हरी मात्र वेगळी निघाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन मोठा ताफा घेऊन विजयदुर्गसमोर आला. सोबत पायदळ घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. लूट आपापसात कशी वाटायची हे त्यांनी मुंबईतच ठरवून टाकलं होतं. त्यात मराठ्यांचा वाटा शून्य. इकडे तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेला. आपापसातच मिटलं तर किल्ला पेशव्यांकडे जाणार, हे ओळखून इंग्रजांनी घाई केली. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला (हे मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी जिंकलेलं!). आग पसरली आणि शेजारी शेजारी उभ्या असलेल्या गुराबा आणि गलबतं जळून गेली. कान्होजींपासून उभं राहिलेलं आरमार एका दिवसात राख. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रज. दहा लाखांच्या आसपास लूट त्यांनीच वाटून घेतली. किल्ला सोडायलाही तयार नव्हते. ऑक्टोबरमध्ये नवा करार झाला तेव्हा कुठे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, आणि बदल्यात बाणकोट आणि दहा गावं इंग्रजांकडे गेली. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत.

आणि वॉटसन-क्लाइव्ह? ते पुढे मद्रासला आणि तिथून बंगालला गेले. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, जूनमध्ये प्लासी. विजयदुर्ग ते प्लासी, अवघे सोळा महिने!

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. याच काळात निजामही तेच करत होता. १७५३ साली सलाबतजंगाने फ्रेंच सेनापती बुसीच्या फौजेचा पगार भागवण्यासाठी पूर्व किनाऱ्यावरचे उत्तर सरकार हे प्रांत फ्रेंचांना लिहून दिले. १७५९ मध्ये इंग्रजांनी मछलीपट्टण घेतलं, पुढे तो सगळा किनाराच घेतला. १७८८ मध्ये गुंटूर गेलं आणि निजामाचं राज्य चारी बाजूंनी जमिनीने वेढलं गेलं. १९४८ पर्यंत आमचं बीड त्याच राज्यात होतं.

या दोन सत्ता १० ऑगस्ट १७६३ ला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठावर, एकमेकांना भिडल्या. माधवराव पेशव्यांनी ती लढाई जिंकली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण नकाशा थोडा झूम आउट करून बघा. मधल्या जमिनीसाठी दोघे जिवावर उदार झालेत, आणि दोन्ही किनाऱ्यांवर तिसऱ्याचाच वरचष्मा.

मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं असंही नाही. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' पकडलंच की. पण इंग्रजांना परवाना घ्यायला लावण्याची ताकद पुन्हा आली नाही.

नानासाहेबांना दोष देणं आज सोपं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर तुळाजी होता, आणि इंग्रज म्हणजे मुंबई बेटावरचे व्यापारी. उगवती सत्ता उगवताना कधीच धोकादायक वाटत नाही, उपयोगी वाटते. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाड्याने दिलं, तेव्हाही समोर आधी कर्जच दिसत होतं. म्हणून करार वाचताना किंमत नंतर बघावी. काम संपल्यावर किल्ली कोणाकडे राहणार, हे आधी विचारावं.