पाव फेऱ्याची कुळकथा

भिंतीवर कालनिर्णय, आणि प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने ओढलेल्या चार बारीक रेघा. खाली पलंगावर विशीतला मुलगा. त्याच्या नडगीभोवती धातूच्या कड्या, कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे आणि कातडीतून आरपार गेलेल्या तारा. दुपारचे बारा वाजले की आई हात धुऊन येते आणि उशाशी ठेवलेला दहाचा पाना उचलते. मोटारसायकलच्या हत्यारांत असतो तोच पाना. "हलू नकोस रे," म्हणत ती एकेक नट पाव फेरा फिरवते आणि चौकटीत तिसरी रेघ ओढते. पहिली मध्यरात्रीची असते, दुसरी सकाळी सहाची. चौथी संध्याकाळी सहाला पडेल.

ओळखीच्या एका घरात हे पाहिलं आणि तो पाव फेरा मनातून जाईना. अर्धा का नाही? दिवसातून एकदाच पूर्ण फेरा का नाही? याचं उत्तर शोधत गेलं की आपण सत्तरएक वर्षं मागे, सैबेरियाच्या उंबरठ्यावरच्या एका खेड्यात पोचतो.

त्याआधी नडगीचं दुखणं समजून घ्यायला हवं. आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहा. आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांसाचा थर नाही. अपघातात हे हाड मोडतं तेव्हा ते सहज कातडी फाडून बाहेर येतं आणि रस्त्यावरची माती आत जाते. रक्तपुरवठा मुळात बेताचा, तोही तुटतो. हाडाचा एखादा तुकडा मरतो आणि जंतू त्या मेलेल्या हाडाला चिकटून बसतात. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या हाडात रक्तच नसतं. मग जखम वरून भरते, आतून पू येतो, पुन्हा फुटते. हाड जुळत नाही. पट्टी आणि रॉड यांच्या फेऱ्यांत वर्षं जातात आणि शेवटी कोणीतरी पाय कापण्याची गोष्ट काढतं.

गाव्रिइल इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. बालपण कॉकेशसच्या डोंगरांत, अझरबैजानमधल्या कुसार गावी गरिबीत गेलं. १९४४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि नेमणूक मिळाली कुर्गान प्रांतातल्या डोल्गोव्का नावाच्या खेड्यात. महायुद्धातून परतलेल्या जखमींचे हातपाय आणि न जुळलेली हाडं त्यांच्यासमोर होती. प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने अडकलेला पाय आखडतो, स्नायू वाळतात, हे ते रोज पाहत होते. हाडाला घट्ट धरून ठेवणारं आणि तरीही माणसाला चालू देणारं काही हवं होतं.

हाडात खिळे ठोकून बाहेरून सांगाडा लावण्याची कल्पना युरोप-अमेरिकेत आधीपासून होती. आखूड पाय ओढून लांब करण्याचा प्रयत्न इटलीतल्या बोलोन्या इथे आलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केला होता. पण जाड खिळे आणि जोराची ओढ यांनी मांस, नसा, कातडी सगळंच दुखावत असे.

१९५१ च्या सुमारास इलिझारोव्ह यांनी वेगळी वाट धरली. जाड खिळ्यांऐवजी दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक तारा घेतल्या. त्या हाडातून एकमेकींना छेद देत आरपार काढल्या आणि पायाभोवतीच्या गोल कडीला ताणून बांधल्या. सायकलच्या चाकात एकटी काडी सहज वाकते, पण ताणून बसवलेल्या काड्या माणसाचं वजन पेलतात. इथेही तेच. शंभर किलोच्या आसपास ताण दिलेली बारीक तार ताठ होते आणि तरी तिच्यात किंचित लवचीकपणा राहतो. पाय टेकला की हाडाच्या टोकांना सूक्ष्म हलका दाब मिळतो आणि हाडाला तो मानवतो. रोग्याला लगेच उभं करता येतं.

सुरुवातीला या कड्यांचं काम हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबून धरण्याचं होतं. पुढची गोष्ट कुर्गानमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाते. एका रोग्याला टोकं जवळ आणण्यासाठी नट फिरवायला सांगितले होते. त्याने ते उलट्या दिशेने फिरवले. टोकं दूर गेली. एक्स-रे काढला तेव्हा मधल्या फटीत नवं हाड धरू लागलेलं दिसलं. चूक रोग्याची होती, पण तिच्याकडे थांबून पाहणारा डोळा डॉक्टरांचा होता.

त्यानंतर इलिझारोव्ह यांनी अनेक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग करून ओढीचा वेग मोजला. रोज अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून बसायचं आणि पुढे सरकेना. दोन मिलिमीटर ओढलं तर कोवळं हाड तुटायचं, भोवतालच्या पेशी हार मानायच्या. एक मिलिमीटर बरोबर बसला. तोही एकदम न देता थोडाथोडा वाटून दिला तर हाड अधिक चांगलं धरतं, हे दिसलं. दांड्याच्या एका पूर्ण फेऱ्यात एक मिलिमीटर अंतर सरकतं. म्हणून दर सहा तासांनी पाव फेरा. आईच्या हातातल्या पान्याची कुळी ही अशी.

कुजलेल्या नडगीवर या शोधाचा उपकार सर्वांत मोठा. आधी शल्यचिकित्सक मेलेलं हाड निर्दयपणे काढून टाकतो. कुठवर? कापलेल्या टोकावर लाल तिखट भुरभुरावं तसे रक्ताचे ठिपके उमटेपर्यंत. तिथून हाड जिवंत. समजा, यात सहा सेंटिमीटर हाड गेलं. मग गुडघ्याजवळच्या निरोगी भागात हाडाची वरची टणक साल अलगद छेदतात, तिच्यावरचं आवरण शक्य तितकं जपून. पाच-सात दिवस थांबतात. त्यानंतर मधला तुकडा कड्यांच्या आधाराने रोज एक मिलिमीटर खाली सरकू लागतो. मागे सुटणाऱ्या जागेत नवं हाड उगवतं, पुढची पोकळी मिटत जाते. सहा सेंटिमीटरला साठ दिवस, म्हणजे २४० पाव फेरे. तुकडा खालच्या टोकाला टेकला की तिथे बऱ्याचदा कमरेचं थोडं हाड आणून लावावं लागतं. मग नवं हाड पक्कं होईपर्यंत आणखी कित्येक महिने कड्या पायावरच राहतात. तारांभोवतीची कातडी लाल होते, पाणी सुटतं, रोज साफ करावं लागतं. रात्री कूस बदलता येत नाही. ही किंमत लहान नाही.

मॉस्कोतल्या बड्या मंडळींनी प्रांतातल्या या डॉक्टरला बरीच वर्षं जवळ केलं नाही. चित्र पालटलं ते एका खेळाडूमुळे. व्हालेरी ब्रुमेल हा टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, उंच उडीत २.२८ मीटरचा जागतिक विक्रम करणारा. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या नडगीचा चुरा झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पू हटेना. १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला. हाड जुळलं, आखूड झालेला पाय लांब झाला आणि ब्रुमेलने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. १९७१ मध्ये इलिझारोव्ह यांची स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

पश्चिमेकडे हे तंत्र पोचवलं एका गिर्यारोहकाने. इटलीचा कार्लो माउरी न जुळलेली नडगी घेऊन डोंगर-समुद्र धुंडाळत होता. थोर हेयरदाल या दर्यावर्दीच्या पपायरसच्या नावेवर माउरीसोबत युरी सेन्केविच हा रशियन डॉक्टर होता. त्याने कुर्गानचं नाव सांगितलं. १९८० मध्ये माउरी तिथे गेला आणि बरा होऊन परतला. त्याचे इटालियन डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना इटलीतल्या बेलाज्यो इथे बोलावणं आलं आणि तिथून ही विद्या जगभर गेली. ती आपल्याकडेही आली. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या तंत्रासाठी वेगळं केंद्र उभं केलं आहे. पायाला 'रिंग' बसवलेला माणूस आज महाराष्ट्रातल्या तालुक्यांतही भेटतो. इलिझारोव्ह १९९२ मध्ये वारले.

या उपचारातला अर्धा भाग डॉक्टर करतो. उरलेला घरात होतो, घड्याळाकडे पाहत, झोप मोडून उठत. हाड जिवंत आहे, ते घाईला भीत असलं तरी हळुवार ओढीला उत्तर देतं, हे इलिझारोव्ह यांनी ओळखलं. आणि त्या ओढीचं काम त्यांनी रोग्याच्या व त्याच्या माणसांच्या हाती दिलं.

त्या घरी परवा पुन्हा गेलो होतो. कालनिर्णयाची दोन पानं उलटून गेली होती आणि नव्या पानावर एकही रेघ नव्हती. तुकडा टेकला होता. मुलगा कुबड्यांवर, कड्यांसकट, दारापर्यंत चालत आला. आईने पाना मात्र उशाशीच ठेवला होता. "राहू दे," ती म्हणाली, "कड्या निघेपर्यंत."