अकिलीसचं जुनं प्रेम

मॅडलिन मिलर यांची २०११ ची ‘द साँग ऑफ अकिलीस’ ही अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांच्या प्रेमाची कादंबरी वाचून कुणी म्हणालं, ‘हे प्रेम आजच्या काळानं घुसडलंय’, की मला राहवत नाही. ‘इलियड’मध्ये होमर त्या दोघांना प्रियकर म्हणत नाही, खरंच. पण इ.स.पू. ५व्या शतकात एस्किलसनं ‘मर्मिडॉन्स’ नाटकात ते उघड मांडलं. नाटक हरवलं, उरलेल्या तुकड्यांत अकिलीस मेलेल्या पॅट्रोक्लसची चुंबनं आठवतो. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये तर फीड्रस या पात्राचा वाद एवढाच, की दोघांत प्रेम करणारा कोण! मिलर यांचा पॅट्रोक्लस मेल्यावरही बोलत राहतो, आणि मला ते पटतं: ‘इलियड’च्या २३व्या सर्गात त्याचाच आत्मा अकिलीसला म्हणतो, आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव.