आठवड्याला एक पेनी : मेथडिस्टांची छोटी मंडळी कशी वाढली आणि कुठे तुटली?

मैदान भरते, घोषणा होतात, भाषणे गाजतात. आणि महिनाभराने त्याच वस्तीत दहा माणसे जमवताना कार्यकर्त्याच्या तोंडाला फेस येतो. गर्दी जमवणे ही एक गोष्ट आहे, माणूस बांधून ठेवणे ही दुसरी. या दोन गोष्टींतला फरक ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत अठराव्या शतकातले इंग्लंडमधले मेथडिस्ट ख्रिस्ती होते. त्यांचा देव, त्यांचे पाप-तारणाचे तत्त्वज्ञान आम्हाला मान्य नाही. पण मूठभर गरिबांची मंडळी पिढ्यानपिढ्या कशी टिकते, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे, आणि त्या अंगाने हा इतिहास आपण वाचलाच पाहिजे.

1739 साली जॉन वेस्ली हा अँग्लिकन पाद्री ब्रिस्टलला आला आणि चर्चच्या भिंतींबाहेर उघड्यावर बोलू लागला. जवळच्या किंग्जवूडच्या कोळसा खाणीतले कामगार ऐकायला येत. प्रतिष्ठितांच्या चर्चमध्ये या माणसांना कोणी विचारत नव्हते. त्याच वर्षी ब्रिस्टलला त्यांच्या सभेसाठी ‘न्यू रूम’ नावाची इमारत उभी राहू लागली. इमारत झाली, पण डोक्यावर कर्ज बसले.

फेब्रुवारी 1742 मध्ये हे कर्ज फेडायचे कसे यावर बैठक झाली. फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, आपल्यात कितीतरी जण इतके गरीब आहेत की त्यांना पेनीही परवडणार नाही. फॉयचे उत्तर असे होते : सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्याला जमेल तो देईल, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन.

वर्गणीची ही साधी युक्ती होती, पण तिच्यातून संघटनेचा कणा तयार झाला. घरोघर जाणाऱ्यांना पेनीबरोबर माणसांची खरी अवस्था कळू लागली : कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले, कोण पुन्हा दारूला लागला, कोणाच्या घरात मारहाण चालते. वेस्लीच्या लक्षात आले की आपण इतके दिवस शोधत होतो ती वस्तू हीच. पुढे घरोघर फिरण्याऐवजी सुमारे बारा जणांचा गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. या गटाला ते ‘क्लास’ म्हणत. इथे व्याख्यान नसे. प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगायचे, इतरांनी ऐकायचे आणि धीर द्यायचा, गरज पडली तर कानउघाडणीही करायची.

या रचनेत चार गोष्टी होत्या. पहिली, प्रवेश सोपा पण टिकणे कठीण. आत यायला केवळ इच्छा पुरे होती. आत राहायला मात्र तीन नियम होते : वाईट करू नका, चांगले करा, उपासना चुकवू नका. दर तीन महिन्यांनी सभासदाचे तिकीट नवे करून घ्यावे लागे. 1743 साली न्यूकॅसलमध्ये वेस्लीने 64 जणांना काढून टाकले आणि कारणांची यादी लिहून ठेवली. त्यात 17 दारूडे होते, दारू विकणारे दोन होते, बायकोला मारणारा एक होता. सर्वांत मोठा आकडा 29 जणांचा होता आणि त्यांचा दोष होता उथळपणा आणि बेफिकिरी! आकडा फुगवण्यासाठी कोणालाही ठेवून घ्यायचे नाही, हे धोरण असूनही मंडळी वाढत गेली. वेस्ली 1791 मध्ये वारला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून सुमारे 70 हजार सभासद होते.

दुसरी, नेतृत्व पाद्र्यांच्या हाती अडकून राहिले नाही. विणकर, चांभार, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या बाया यांतून गटप्रमुख तयार झाले. ज्यांना आयुष्यात कोणी मत विचारले नव्हते, ते बारा जणांची जबाबदारी घेऊ लागले. सारा क्रॉस्बी ही 1761 साली डर्बीमध्ये गटाची बैठक घ्यायला गेली, तर समोर सुमारे 200 माणसे. ती उभी राहिली आणि बोलली. स्त्रीने असे बोलणे त्या काळच्या चर्चला मान्य नव्हते, पण वेस्लीने तिला थांबवले नाही.

तिसरी, मंडळी पोटापाण्याच्या प्रश्नालाही भिडली. किंग्जवूडला खाणकामगारांच्या मुलांसाठी शाळा निघाली. लंडनमध्ये 1746 साली गरिबांसाठी मोफत औषधे आणि छोट्या कर्जाचा निधी सुरू झाला. कर्ज तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्याने फेडायचे असे.

चौथी गोष्ट सातत्य. 1763 साली वेल्समधल्या पेम्ब्रोकशर भागात गेल्यावर वेस्लीला दिसले की तिथे वीस वर्षे भाषणे झाली होती, पण गट नव्हते, शिस्त नव्हती, एकमेकांशी बांधिलकी नव्हती. परिणाम? जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पुन्हा झोपी गेले होते. जागे करून सोडून देण्यापेक्षा तिथे प्रवचनच न केलेले बरे, या निष्कर्षावर तो आला.

आता दुसरी बाजू. वेस्ली लोकशाहीवादी नव्हता. राजनिष्ठ होता आणि संघटनेचा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवत होता. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की मेथडिस्ट शिस्तीने कारखानदारांना आज्ञाधारक मजूर पुरवले. ही टीका आम्ही गंभीरपणे घेतो. आठवड्याची बैठक जर फक्त स्वतःचे दोष मोजण्यात संपली, तर मालकाचे दोष मोजायचे कोणी? पण त्याच बैठकीत बोलायला शिकलेला मजूर पुढे संघटनाही बांधू लागला. 1834 मध्ये डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधताना शपथ घेतली म्हणून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रवचनकार होता.

खरी कसोटी लागली अमेरिकेत. वेस्लीने 1774 साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. 1784 साली अमेरिकन मेथडिस्टांनी गुलाम बाळगणाऱ्या सभासदांविरुद्ध कडक नियम केला, आणि सहाच महिन्यांत तो गुंडाळून ठेवला. मालकवर्ग दुखावू नये म्हणून! जिथे संख्येसाठी तत्त्व विकले जाते, तिथे पुढे काय होते ते फिलाडेल्फियात दिसले.

रिचर्ड अ‍ॅलन गुलाम म्हणून जन्मला, स्वतःची किंमत मोजून स्वतंत्र झाला, आणि सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रवचने देऊ लागला. त्याच्यामुळे काळ्या सभासदांची संख्या वाढली. चर्चच्या नव्या गॅलरीसाठी त्यांनी पैसे दिले होते. त्याच चर्चमध्ये एका रविवारी प्रार्थनेसाठी गुडघ्यांवर बसलेल्या अ‍ॅब्सलम जोन्सला ओढून उठवण्यात आले, कारण तो ‘आपल्या’ जागेवर नव्हता. काळे सभासद एकत्र उठले आणि बाहेर पडले. (ही घटना 1787 ची की 1792 ची, यावर अभ्यासकांत वाद आहे.) पैसा चालतो, श्रम चालतात, गर्दी चालते, शेजारी बसणे मात्र चालत नाही! आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

अ‍ॅलनने पुढे केलेले काम महत्त्वाचे आहे. 1787 साली त्याने आणि जोन्सने ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ ही परस्पर मदतीची संस्था काढली होती. 1793 मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली तेव्हा काळ्या कार्यकर्त्यांनी रुग्णसेवा केली, प्रेते पुरली. 1794 मध्ये लोहाराचे एक जुने दुकान घोड्यांनी ओढत आणून अ‍ॅलनने स्वतःच्या जागेवर बेथेल चर्च उभे केले. अपमान झाला म्हणून त्याने मेथडिस्ट शिस्त टाकली नाही. गट, नियम, साधी भाषा, सामान्यांचे नेतृत्व हे सगळे ठेवले. फक्त मालकी आपल्या हाती घेतली. गोऱ्या वरिष्ठांनी ती इमारत ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि 1816 मध्ये निकाल बेथेलच्या बाजूने लागला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे स्वतंत्र चर्च स्थापन झाले आणि अ‍ॅलन त्याचा पहिला बिशप झाला. जेरेना ली या स्त्रीला त्याने आधी प्रवचनाची परवानगी नाकारली होती. 1819 मध्ये तिचे बोलणे ऐकून त्यालाही मत बदलावे लागले.

मूळ मेथडिस्टांचे काय झाले? एकोणिसाव्या शतकात त्यांची मोठी चर्चे झाली, पगारी पाळक आले, सभासद मध्यमवर्गीय झाले. बारा जणांत बसून स्वतःचे दुःख आणि दोष सांगणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले. क्लास नावापुरता उरला, मग त्याची सक्तीही गेली. इमारत उंच होत गेली आणि पाया भुसभुशीत.

या इतिहासाचा आपल्याशी थेट धागाही आहे. भारतात काम केलेले मेथडिस्ट मिशनरी जे. वॉस्कम पिकेट यांनी 1933 साली इथल्या सामूहिक ख्रिस्ती धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस कोणत्या हेतूने आला यापेक्षा आल्यानंतर त्याचे शिक्षण आणि संगोपन कसे झाले, यावर त्याची वाढ जास्त अवलंबून असते, असे त्यांना आढळले. धर्मांतरितांच्या हेतूवर बोट ठेवणाऱ्या सवर्ण टीकाकारांना हे उत्तर आहे. पण ते आपल्यालाही प्रश्न विचारते : संगोपन कोण करतो आहे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ओळखला होता. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले, आणि दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला दिला. म्हणजे वर्गणीही प्रत्येकाची आणि जबाबदारीही प्रत्येकाची. त्यासाठी वेस्लीची गरज नाही, अ‍ॅलनचीही नाही. पण या दोघांचा अनुभव आपल्याला सावध करतो.

मित्रांनो, पुढच्या जयंतीला किती गर्दी होती हे मोजण्याआधी एवढेच मोजू या : आपल्या वस्तीत दर आठवड्याला एकमेकांची चौकशी करणारे बारा जण आहेत का? त्यांचा पैसा थोडा का होईना, नियमित जमतो का आणि त्याचा हिशोब सर्वांसमोर होतो का? बायकोवर हात उचलणाऱ्या कार्यकर्त्याला आपण जाब विचारतो का? आणि ‘माझ्याकडे द्यायला काही नाही’ म्हणणाऱ्या सर्वांत गरीब माणसाच्या दारी जाऊन, त्याची पेनी मी भरतो, असे म्हणणारा कोणी आपल्यात आहे का? नसेल, तर तो आपल्यापैकीच एकाला व्हावे लागेल.

जय भीम!