पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापते? आतून इन्सुलेशन बोर्ड लावण्याआधी हे तपासा

मे महिन्यात अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा त्रास फक्त दुपारचा नसतो. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत दुपारनंतर ऊन खाते, आणि ती उष्णता आत पोचायला पाच-सात तास लागतात. म्हणूनच रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतानाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. म्हातारी माणसं, लहान लेकरं त्याच खोलीत झोपत असतील तर कूलर लावूनही खोली निवत नाही.

यावर पीओपीचं काम करणारे कारागीर आतून बोर्ड लावून देतात. समोर जिप्सम बोर्ड, मागे थर्मोकोल, एक्सपीएस किंवा रॉकवूल. उष्णता अडवतो तो हा मागचा थर. नुसता जिप्सम बोर्ड लावला तर भिंत गुळगुळीत दिसेल, गारवा फारसा मिळणार नाही. दोन इंची थर्मोकोल जेवढं अडवतो, तेवढं अडवायला विटांची भिंत सुमारे तीन फूट जाड लागेल. नऊ इंची भिंतीला तो लावला की तिच्यातून आत येणारी उष्णता साधारण पाव हिश्श्यावर येते.

मात्र भिंतीच्या आधी छत. एकमजली घरात मे महिन्याचं ऊन डोक्यावरूनच येतं. वर उघडा पत्रा असेल तर भिंतीचा खर्च पाण्यात गेला म्हणायचा. आधी पत्र्याखाली सीलिंग करावं, स्लॅब असेल तर वरून पांढरा चुना मारावा. हा सगळ्यात स्वस्त उपाय. पश्चिमेला मांडव किंवा वेलाची सावली करता आली, तर आतल्या बोर्डाची गरज उरेलच असं नाही.

बोर्ड लावायचाच तर एका भिंतीला. चारही भिंती झाकायचा आग्रह कारागीर करतो, पण उत्तरेची भिंत उन्हाळ्यात तुलनेने थंड असते, ती उघडी राहिलेलीच बरी. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत चारही बाजूंनी तीन-तीन इंच गेले की जवळपास दहा चौरस फूट जागा जाते. २६९ चौरस फुटांच्या घरकुलात हे परवडत नाही.

खरी गडबड ओलीची. पावसाळ्यात भिंतीला खार फुटत असेल, पोपडे सुटत असतील, तर बोर्ड लावून ते झाकायचं नाही. ओल आत कोंडते, बुरशी धरते, बोर्डाचा कागद फुगतो आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं. तपासणी घरीच होते. पावसाळ्यात फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येतेय. आधी बाहेरचा प्लास्टर, पन्हाळ, पायाजवळचं साचणारं पाणी बघावं, आणि भिंत पूर्ण सुकल्यावर, दिवाळीनंतर, काम काढावं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींना तर असा बोर्ड लावूच नये. त्या मुळात गार असतात आणि त्यांना उघडी हवा लागते.

फ्रेम लाकडी पट्ट्यांची नको, जीआय चॅनलची घ्यावी. फरशी धुतली जाते, म्हणून बोर्ड खालून अर्धा इंच वर ठेवून ती फट सीलंटने बंद करायला सांगावं. थर्मोकोल कुठेच उघडा राहता कामा नये, तो पेटतो आणि काळा विषारी धूर सोडतो. चूल किंवा गॅसजवळच्या भिंतीला रॉकवूलच. विजेची वायर थर्मोकोलला थेट टेकली की काही वर्षांत तिचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, त्यामुळे ती पाइपातूनच न्यावी. टीव्ही, मांडणी, पाळण्याची कडी कुठे येणार हे काम सुरू होण्याआधीच ठरवून तिथे मागे आधार टाकून घ्यावा. नुसत्या बोर्डात मारलेला खिळा वजन धरत नाही.