ख्मेर भोजनव्यवहार आणि परकीय प्रवाशाची साक्ष

प्राचीन कंबुजदेशाचा इतिहास आपणांस मुख्यत्वे शिलालेखांवरून ज्ञात झाला आहे; परंतु हे लेख राजांचे व देवालयांचे. सातव्या जयवर्म्याच्या ता प्रोम येथील इ. स. ११८६ च्या संस्कृत लेखात देवालयाच्या सेवेस लावलेली ३,१४० गावे व ७९,३६५ माणसे नोंदलेली आहेत; तांदूळ, तीळ, तूप, मध इत्यादींची मोजमापेही त्यात आढळतात. देवाच्या नैवेद्याचा हिशेब असा चोख मिळतो. त्या माणसांच्या चुलीवर काय शिजत होते, याविषयी मात्र लेख मौन पाळतो.

ही उणीव अंशतः भरून निघते ती चौ ता-कुआन या चिनी प्रवाशाच्या वृत्तान्तामुळे. युआन दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर तो १२९६ च्या ऑगस्टमध्ये अंगकोर येथे पोहोचला व सुमारे अकरा महिने तेथे राहिला. पॉल पेलिओ यांनी १९०२ साली केलेल्या फ्रेंच भाषांतरामुळे हा ग्रंथ आधुनिक संशोधनात रूढ झाला.

या वृत्तान्तात नकारात्मक विधाने पुष्कळ आहेत. सामान्यांच्या घरी मेज नाही, बाक नाही. लोकांना शिरका करता येत नाही. ही विधाने खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांत ख्मेर घराइतकेच चिनी घराचेही वर्णन आहे. प्रवासी ज्याची सवय घेऊन येतो त्याचाच अभाव त्याला प्रथम जाणवतो. शिरक्याच्याच विधानापुढे तो सांगतो की, आंबटपणासाठी हे लोक चिंचेचा पाला वापरतात. म्हणजे येथे अभाव नाही, निराळी पद्धती आहे. आणि चिंचेने आंबट केलेले कालवण ख्मेर जेवणात आजही प्रिय आहे.

प्रत्यक्ष पाहिलेले तपशील तो देतो तेव्हा त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते. तीन दगडांची चूल, भातासाठी मातीचे मडके, नारळाच्या करवंटीची पळी; कालवणासाठी पानांचे द्रोण, त्यांतून रस गळत नाही; पानांचेच लहान चमचे, जे वापरून टाकून दिले जातात. भात हातानेच खावयाचा व तो बोटांना चिकटतो, म्हणून शेजारी पाण्याचे भांडे ठेवावयाचे. श्रीमंतांकडे मात्र चांदीची, प्रसंगी सोन्याचीही पात्रे असत.

हे वर्णन वाचताना महाराष्ट्रीय वाचकास आपल्याच पंगतीची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. सावधगिरी बाळगावयाची ती येथेच. चिनी प्रवाशाला अभाव दिसला, तसे आपणांस साम्य दिसते. दोहोंचे मूळ पाहणाराच्या सवयीत आहे. राजप्रशस्तींची भाषा संस्कृत होती, एवढ्यावरून द्रोणही भारतातून गेला असे अनुमान काढता येत नाही. रुंद पानांची झाडे व रसाळ कालवण जेथे आहे, तेथे द्रोण स्वतंत्रपणेही निर्माण होऊ शकतो. शिवाय याच वृत्तान्तानुसार तेथील बौद्ध भिक्षू मद्य वर्ज्य मानीत, पण मासे व मांस खात आणि बुद्धमूर्तीसही ते अर्पण करीत. भारतीय धर्माचा प्रसार म्हणजे भारतीय आहारनियमांचा प्रसार, हे समीकरण येथे टिकत नाही.

सुदैवाने या विषयात ख्मेरांची स्वतःची साक्षही उपलब्ध आहे. चौ ता-कुआनच्या सुमारे शतकभर आधी कोरलेल्या बायोन देवालयाच्या बाह्य वीथीत मोठ्या कढईत सोडले जाणारे डुक्कर, विस्तवावर भाजण्याचे जिन्नस, अन्न वाहून नेणारे सेवक आणि नौकांखाली पोहणारे असंख्य मासे दिसतात. तोन्ले साप सरोवराच्या मत्स्यसंपत्तीवर जगणाऱ्या समाजाचे हे चित्र ता प्रोमच्या तूप-मधाच्या यादीहून सर्वस्वी भिन्न आहे.

तात्पर्य, शिलालेख देवाचे ताट दाखवितो, प्रवासी परक्याच्या मापाने घर मोजतो, आणि शिल्पपट कलावंताने निवडलेले प्रसंग मांडतो. या तिन्ही साधनांची परस्परांशी पडताळणी केल्यावरच ख्मेर भोजनव्यवहाराविषयी विधान करणे इष्ट होय. प्रवाशाच्या प्रत्येक 'नाही'पुढे 'मग त्या जागी काय आहे?' असा प्रश्न विचारणे, ही त्यातील पहिली पायरी होय.