पाव चमच्याचा इतिहास

पन्हाळ्यावर गेलात तर अंबरखाना बघितल्याशिवाय खाली येऊ नका. तीन दरवाजा आणि सज्जाकोठीचे फोटो सगळेच काढतात. अंबरखाना म्हणजे गडावरची धान्याची कोठारं: गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावायचं आणि वरी, नागली, भात साठवले जायचे, असं गाइड सांगतात. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैच्या पावसात शिवाजी महाराज रात्री गडावरून निसटले. मधले चार महिने गड तटबंदीवर जितका तगला, तितकाच या कोठारांवर.

दोन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन तिथे गेले होते. कोठीवर जायच्या पायऱ्यांवर ती मध्येच थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली, "नाचणी खाऊन माणसं बघ कशी काटक होती. आपण नुसतं वजन वाढवलं."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार, कदाचित बोललाही असाल. संशोधनाची तयारी करणाऱ्याने अशा वाक्यापाशी थांबायला शिकावं. कोठारात काय होतं यावरून ताटात काय होतं हे कळत नाही. शिबंदीला किती मिळायचं, किल्लेदाराच्या घरी काय शिजायचं, खालच्या गावात काय उरायचं, यातलं काही कोठीच्या भिंती सांगत नाहीत. आणि 'काटक' हा निष्कर्ष तर आपणच वरून चिकटवलेला. माणसं नाचणी खात होती कारण डोंगरउतारावर नाचणी पिकत होती. त्यांनी ती काही वजनासाठी निवडली नव्हती.

पण आईचा दम खोटा नव्हता. तिचं वजन ७८ किलो होतं, साखर सीमेवर आली होती आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. माझा पीएच.डी.चा विषय नेमका घरगुती आहारातले बदल हा. म्हणजे माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण माझ्यासमोर पायरीवर बसून पाणी पीत होतं.

विषयातली अडचण आधी सांगते. वेढा, दुष्काळ, लढाई यांची कागदपत्रं तयार होतात, कारण तिथे काहीतरी अचानक घडतं. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य एका पौंडावर आणलं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, डॉक्टरांनी आक्षेप घेतले, अहवाल झाले. म्हणून आज आपल्याला तो आकडा ग्रॅमपर्यंत माहीत आहे. पण एखाद्या घरात जोंधळ्याच्या भाकरीच्या जागी रात्री भात कधी आला, गुळाच्या जागी साखर कधी आली, याचा अहवाल कोण लिहिणार? हळू घडणाऱ्या गोष्टी दप्तरात सापडत नाहीत. त्या सवयीत सापडतात, भाषेत सापडतात आणि शेवटी शरीरावर सापडतात.

भाषेचंच बघा. आपल्याकडे 'तब्येत सुधारली' म्हणजे माणूस भरला. 'अंग धरलं' हे कौतुक आणि 'वाळलास की रे' ही काळजी. जाडजूड माणूस 'खात्यापित्या घरचा' असतो आणि ज्याच्या शब्दाला किंमत त्याच्या शब्दाला 'वजन' असतं. हे शब्द ज्या समाजात घडले त्याने उपासमार जवळून पाहिली होती. माझ्या आजीचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलोची भाकरी तिने खाल्ली होती आणि तिची चव सांगताना ती अजून तोंड वाकडं करायची. अशा बाईने आपल्या मुलीला कधी 'कमी खा' म्हटलं नाही यात नवल काय?

आता पन्हाळा तालुक्याकडे या. वारणेच्या काठी तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली, पुढे दूध संघही आला. वारणानगर याच तालुक्यात. ऊस आला, पाणी आलं, हातात पैसा आला, पोरं शिकली. हे सगळं मोलाचं आहे आणि त्याला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण आमच्याकडे कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते आणि ती किलोवर येत नाही, पोत्याने येते. पूर्वी सणाला दिसणारी वस्तू बारा महिने डब्यात राहायला लागली. चहा तर त्याच्याही आधीपासून या मातीशी ओळख काढत होता. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहाच्या लागवडीचा प्रयोग करून पाहिला होता. तो प्रयोग फार वाढला नाही, पण कपातला चहा मात्र घरोघरी स्थिरावला.

मुलाखती घेताना मी सुरुवातीला एक ढोबळ चूक केली. म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, "पूर्वी तुम्ही काय खायचात?" उत्तर ठरलेलं: "भाकरी, दुसरं काय असणार?" तीन महिन्यांच्या ध्वनिमुद्रणांत हेच. मग प्रश्न बदलले. साखरेचा डबा केवढा होता? चमचा त्यातच असायचा की वेगळा? गुळाचा चहा पाहुण्याला द्यायला लाज कधी वाटायला लागली? या शेवटच्या प्रश्नावर एक आजी जी बोलायला लागली ती थांबेचना. साखरेचा चहा ही आधी पाहुण्याची इज्जत होती, मग घरच्यांची सवय झाली. तुम्ही मुलाखतीची प्रश्नावली करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: माणसाला काळ आठवत नाही, भांडी आठवतात.

घरी येऊन मी आईचा हिशेब मांडला. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमचा साधारण पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. वर्षाला १८ किलोंच्या वर, नुसती चहातली. वजन एका दिवाळीत वाढलेलं नव्हतं. रोज चमच्याचमच्याने चढलं होतं.

मग उतरवायचं कसं? बाजारात उपाय भरपूर. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेला दोन वेळा जेवण्याचा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्याचा मार्ग आमच्या गल्लीतच चार जण पाळत होते. आईने आठवडाभर केला आणि सोडला. पहाटे उठून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या बाईला ते जमेना, एवढंच. काहींना जमतं.

त्या दिवसांत मी आहारविचाराच्या जुन्या ग्रंथांवर टिपणं काढत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांबद्दल आहे. त्यात कृशापेक्षा स्थूलाचा उपचार अवघड म्हटलाय. यव, कोद्रव, श्यामाक, मूग, कुळीथ, ताक असे पदार्थ सुचवलेत. आणि जागरण, व्यायाम, चिंतन हे 'क्रमेण' वाढवावं असं सांगितलंय. (चिंतनाने बारीक व्हायचं असेल तर आम्ही पीएच.डी.वाले एव्हाना काड्या व्हायला हवे होतो.) पण मला अडकवलं ते सातव्या अध्यायाने. सवयीची अहितकर गोष्ट एकदम सोडू नये, थोडी थोडी कमी करावी आणि त्या जागी हितकर गोष्ट तेवढीच वाढवत न्यावी. वाग्भट तर माप देतो: पाव भागाने, किंवा पावाच्याही पावाने. एकदम केलं तर त्यातूनच विकार होतात, हेही तो सांगतो.

इथे लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणायचा मोह होतो. आवरा. चरकाचा स्थूल माणूस कोण? दिवसा झोपणारा, गोड-स्निग्ध खाणारा, अंगमेहनत नसणारा, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. त्याच्यासमोर पाच कप चहा आणि रेशनचा तांदूळ नव्हता. हळूहळू वजन उतरवणं हे काही फक्त आपल्याकडेच सुचलं असंही नाही. लंडनमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपल्या लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. वजन २०२ पौंड होतं. पाव, साखर, बिअर, बटाटे कमी करून सुमारे वर्षात ४६ पौंड उतरवलं, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक पौंड. पुस्तिका इतकी खपली की त्यांच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. तुलना करताना दोन मजकूर एकच गोष्ट सांगतात एवढ्यावर थांबू नका, ते कुणाला सांगतात ते बघा. बँटिंग आणि चरक दोघेही अशा माणसाशी बोलतात ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण पाचातली एक स्त्री प्रमाणापेक्षा बारीक निघाली आणि त्याहून थोड्या जास्त प्रमाणापेक्षा जाड. एकाच गावात, कधी एकाच घरात. 'वजन कमी करा' हा सल्ला इथे सरसकट देता येत नाही.

आईपुरतं आम्ही वाग्भटाचं माप घेतलं. दोन चमच्यांचे पावणेदोन. पंधरा दिवसांनी दीड. तिला फरक कळला नाही, मलाच कळला कारण चहा मी करत होते. दीडवरून सव्वावर येताना भांडण झालं, महिनाभर तिथेच थांबलो. रात्रीच्या भातातला पाव भाग कमी करून तिथे मुगाची उसळ आली, मग नाचणीची आंबील. नाचणी तिला आवडते, फक्त ती 'गरिबाची' म्हणून बाजूला पडली होती. आठ महिन्यांत साडेचार किलो उतरलं. (गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) अंबरखान्याच्या पायऱ्या ती अजूनही मध्ये थांबूनच चढते, गुडघे आहेतच.

हे प्रबंधात टाकू का, असं मी मार्गदर्शकांना विचारलं. ते म्हणाले, बदल तूच सुरू केलास, तूच मोजलास, हा पुरावा कसला? बरोबरच आहे. पण त्या बोलण्यातून एक गोष्ट निघाली. आई दुधाचे लिटर, साखरेचं पोतं कधी फोडलं, गॅस कधी लावला, हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिते. आजीही लिहायची. जुनी कॅलेंडरं माळ्यावर गठ्ठ्यात बांधून ठेवलेली आहेत. पोतं किती दिवस पुरलं ते दोन तारखांमधून मोजता येईल, घरात तेव्हा माणसं किती होती ते आई सांगेल. चार वर्षं उंदरांनी खाल्ली आहेत. उरलेली येत्या रविवारी खाली काढणार आहे.