औद्योगिक लेपांची दुरुस्ती : ठिगळ की नवा लेप

कारखान्यातील पोलाद, टाक्या आणि काँक्रीटची जमीन यांवरचा संरक्षक लेप खराब झाल्यावर तेवढाच भाग दुरुस्त करावा की सगळा लेप काढून नव्याने द्यावा, याचा निर्णय बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रशाळांपासून प्लेटिंगच्या शेडपर्यंत वरचेवर घ्यावा लागतो.

पोलादावरचा गंज आयएसओ ४६२८-३ या मानकाने मोजतात. त्यात 'आरआय ३' म्हणजे सुमारे १ टक्का क्षेत्र गंजलेले, 'आरआय ४' म्हणजे ८ टक्के. आकडा मात्र एकटा पुरत नाही. तोच १ टक्का एखाद्या वेल्डिंगच्या सांध्यापाशी साचला असेल तर ठिगळ चालते. सगळीकडे बारीक ठिपक्यांनी उठला असेल तर लेपच संपत आलेला असतो. खरा निकाल लागतो तो गंजापासून हातभर लांब, वरून धड दिसणाऱ्या जागी. तिथे सुरीने जाळी कापून चिकटपट्टी लावतात आणि ओढतात. २५० मायक्रॉनहून जाड लेपावर जाळीऐवजी फुली कापतात. पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले, तर ठिगळाला धरायला कडाच उरत नाही.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आणि किनाऱ्यापासून दूर असल्याने खारी हवा नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरचा जोरदार पाऊस आणि हिवाळ्यातले पहाटेचे दव कामाच्या वेळा ठरवतात. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर असल्याशिवाय रंग लावू नये, मग काम चार चौरस फुटांचे असो वा अख्ख्या शेडचे.

इपॉक्सीच्या जमिनीवर फुगे आले तर आधी ओल तपासावी. लेप काढलेल्या काँक्रीटवर सुमारे ४५ सेंटिमीटर चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवतात. खाली पाणी साचले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल अजून आहे आणि ती थांबवल्याशिवाय नवा लेपही फुगणारच. घाईने पूर्ण लेप बदलणाऱ्यांचे पैसे बहुधा इथेच वाया जातात.

प्लेटिंगच्या जमिनीवर ठिगळाचा मोह विशेष टाळावा. तड्यातून आम्लयुक्त द्रव लेपाखाली पसरतो आणि काँक्रीट भुसभुशीत करतो. तो भाग फोडून काढावाच लागतो. पीण्याच्या भूजलात षट्संयुजी क्रोमियम आढळलेले आहे, त्यामुळे तिथल्या लेपाला गेलेला तडा कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या विहिरींचाही प्रश्न असतो.